शेवटच्या घराचा नळ

पहिला मोठा पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागतात. तालुक्यात आरोग्याचं काम करताना हे मी दर वर्षी पाहिलं. एका जुलैत एका गावातून दोन दिवसांत दहा-अकरा रुग्ण आले, आणि सगळेच्या सगळे खालच्या आळीतले. पाणीपुरवठा कर्मचारी हवालदिल झाला होता. त्याने टाकीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकली होती, रजिस्टरही पूर्ण होतं. आम्ही टाकीखालच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरलं आणि त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, थेंब टाकले. पाणी लगेच पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. मग पाइपलाइनच्या मागोमाग खाली उतरत गेलो. देवळापाशी रंग फिका झाला, किराणा दुकानापाशी अगदी पुसट. खालच्या आळीतल्या शेवटच्या घरी नळीतलं पाणी जसंच्या तसं राहिलं. रंग आलाच नाही.

त्या घराचा नळ अंगणाच्या कडेला, हातभर खोल खड्ड्यात होता. पाण्याला दाब नसतो, वर चढत नाही, म्हणून खड्डा खणून नळ खाली घेतलेला. तोटी नव्हती. खड्ड्यात वीतभर पाणी साचलेलं आणि नळाचं तोंड त्यात बुडालेलं. शेजारून मोरीचं पाणी वाहत होतं. पाणी सोडणं बंद झालं की पाइप रिकामा होऊ लागतो, रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि खड्ड्यातलं पाणी उलट पाइपात शिरतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या हंड्यात तेच येतं. वरच्या दोन घरांनी नळाला मोटर लावली होती, त्यामुळे ही ओढ आणखी वाढत होती. टाकीतलं शुद्ध पाणी गावातल्या गावात, चार-पाचशे पावलांच्या वाटेत बिघडत होतं.

तेव्हापासून मी पाण्याची तपासणी उलटी करतो. आधी पिणाऱ्याचा पेला, मग माठ, मग नळ, मग पाइप, मग टाकी आणि शेवटी विहीर किंवा नदी. हा लेखही त्याच वाटेने लिहिला आहे, कारण घरच्या माणसाच्या हातात सर्वांत जास्त असतं ते याच टोकाला.

माठ आणि त्यात जाणारा हात

नळाला चांगलं पाणी आलं आणि ते माठात भरलं, की पुढची जबाबदारी घराची. पाणी काढताना पेला धरलेली बोटं माठात बुडतात. तीच बोटं थोड्या वेळापूर्वी बाळाचं ढुंगण धुऊन आलेली असतात, शेतातून आलेली असतात. साबणाने हात धुणं आणि लांब दांड्याचं ओगराळं वापरणं, या दोन गोष्टींवर जेवढा खर्च होतो त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात जातो. ओगराळं माठावर आडवं ठेवू नका. त्यावर माशी बसते, पाल फिरते. ते खुंटीला टांगा. नवा माठ घेणार असाल तर तोटीचा घ्या, म्हणजे आत काही बुडवायचा प्रश्नच उरत नाही. माठ रोज रिकामा करून आतून घासा. हात फिरवल्यावर बुळबुळीत लागतो तो थर जंतूंचा असतो, आणि नुसतं विसळून तो जात नाही.

पाणी गाळण्याची आपली जुनी सवय चांगली आहे, फक्त कापड नीट हवं. नव्या, कडक कापडापेक्षा वापरून मऊ झालेलं सुती लुगडं बरं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे फुलतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. त्याच्या किमान चार घड्या करा. बांगलादेशातल्या खेड्यांत रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला, असं त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे कापडात अडकतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो जंत पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून पसरायचा. त्याचाही वाहक असाच एक बारीक किडा होता. गाळलेलं पाणी आणि पायविहिरींऐवजी हातपंप, यांच्या जोरावर नारू देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

पण कापडाने सुटे जिवाणू आणि विषाणू अडत नाहीत. गाळणं ही पहिली पायरी समजा. गाळून झालं की कापड धुऊन कडक उन्हात वाळवा आणि पुढच्या वेळी तीच बाजू वर ठेवा. उलटं धरलं तर अडकलेला सगळा मळ पाण्यात उतरतो.

गढूळ पाणी आधी निवळवा

पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येतं, तेव्हा बरेच जण थेट औषधाचे थेंब टाकून मोकळे होतात. गढूळ पाण्यात क्लोरीन फुकट जातं. मातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांवरच ते खर्ची पडतं आणि त्या कणांच्या आड बसलेले जंतू वाचतात. यासाठी तुरटी. स्वच्छ हाताने तुरटीचा खडा हंड्यातल्या पाण्यात काही वेळा गोल फिरवा आणि काढून घ्या. जास्त फिरवली तर पाण्याला तुरट चव येते. थोड्या वेळाने पाण्यात बारीक पुंजके दिसू लागतात, कापसाच्या तुसासारखे. ते हळूहळू जड होऊन तळाला बसतात. अर्धा-पाऊण तास हंडा हलवू नका. मग वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि तळाचा गाळ झाडांना घाला. शहरातल्या जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या प्रमाणावर हेच होतं. आधी तुरटी किंवा तिच्यासारखं रसायन मिसळून पाणी जोरात घुसळतात, मग संथ ढवळून पुंजके मोठे होऊ देतात, ते मोठ्या हौदात बसू देतात, उरलेलं पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. म्हणजे क्लोरीनच्या वाट्याला नितळ पाणीच येतं.

निवळलेलं पाणी निर्जंतुक करायचे घरगुती मार्ग तीन. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे उकळणं. वीस मिनिटं उकळा, असं अजूनही सांगितलं जातं, आणि तेवढं सरपण किंवा गॅस कुठून आणायचा म्हणून लोक उकळणंच सोडून देतात. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसं आहे. महाबळेश्वराच्या उंचीवरसुद्धा. भांड्याच्या कडेला बुडबुडे येणं म्हणजे उकळी नव्हे, पाणी मधोमध उसळलं पाहिजे. त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. उकळलेल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण नसतं, एक मळका पेला बुडाला की ते पुन्हा दूषित होतं. म्हणून ते त्या दिवसापुरतंच उकळा.

दुसरा मार्ग क्लोरीनचा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात क्लोरीनच्या द्रवाची बाटली मिळते, बरेच जण तिला मेडिक्लोर म्हणून ओळखतात. क्लोरीनच्या गोळ्याही मिळतात. किती पाण्याला किती थेंब, हे त्या बाटलीवर छापलेलं असतं. एका बाटलीचं प्रमाण दुसरीला लावू नका, कारण द्रवाची तीव्रता वेगळी असू शकते. मुदतीची तारीख बघा आणि बाटली उन्हात ठेवू नका. थेंब टाकून, ढवळून, झाकून अर्धा तास थांबा. हा अर्धा तास फार महत्त्वाचा, जंतू मरतात ते त्याच वेळात. वासाची तक्रार सगळे करतात आणि मुलं तर पाणी तोंडातून थुंकतात. रात्री झोपताना औषध टाकून ठेवलं तर सकाळपर्यंत वास बराच उतरतो. नळाच्या पाण्याला येणारा किंचित वास मात्र मला दिलासा देतो. पाण्यात राखण शिल्लक आहे, एवढंच तो सांगतो.

तिसरा मार्ग उन्हाचा. नितळ पाणी दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक, ओरखडे नसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून पत्र्यावर आडवं ठेवायचं. स्वच्छ ऊन असेल तर सहा तास, आभाळ असेल तर दोन दिवस. ऊसतोडीच्या फडावर, मेंढरांमागे फिरणाऱ्यांना, जिथे सरपण आणि औषध दोन्ही नाही तिथे हे उपयोगी पडतं. भर पावसाळ्यात यावर विसंबू नका. तांब्याच्या भांड्याबद्दल मला नेहमी विचारतात. रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हे प्रयोगात दिसलं आहे. मात्र गढूळ पाणी, आतून काळं पडलेलं भांडं आणि गावात चालू असलेली साथ, यांच्यापुढे ते पुरेसं नाही.

नळ, खड्डा आणि मोटर

घराबाहेर या. तुमच्या नळाचा पाइप रस्त्याकडच्या मुख्य लाइनीपासून घरापर्यंत येतो, तो बहुतेक ठिकाणी गटार ओलांडूनच येतो. एकदा वाकून बघा. पाइप गटाराच्या पाण्यात बुडालेला आहे का? लोखंडी असेल तर खालून हात फिरवा, कारण वरून रंग चांगला दिसतो आणि गंज खालच्या बाजूने खातो. असा पाइप गटाराच्या वरून घ्या. त्याचा तुकडा बदलायला लागणारा खर्च एका सलाइनच्या खर्चाहून फार नसेल. नळाला तोटी बसवा, खड्डा असेल तर बुजवा आणि नळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. दाब कमी पडतो ही तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय ग्रामपंचायतीने आळीआळीला वेगवेगळ्या वेळी पाणी सोडणं हा आहे. मोटर लावली की शेजाऱ्याचं पाणी तर पळतंच, शिवाय जिथे सांधा सैल आहे तिथून गटार आत खेचलं जातं, आणि ते आधी मोटर लावणाऱ्याच्याच घरी येतं.

पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं आलेलं पाणी भांडी घासायला, जनावरांना, झाडांना वापरा. पिण्याचं मागाहून भरा.

शहरातल्या सोसायट्यांत हीच गोष्ट जमिनीखालच्या टाकीशी घडते. तिचं झाकण वाहनतळाच्या जमिनीसरशी असतं, शेजारीच ड्रेनेजचं चेंबर, आणि पावसाचं पाणी झाकणावरून आत. झाकणाची चौकट जमिनीपासून अर्धा फूट तरी वर उचलून घ्या. जमिनीखालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या दर सहा महिन्यांनी धुवा आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहा.

विहिरीत पावडर टाकताना

गावाची विहीर किंवा टाकी निर्जंतुक करायची पावडर म्हणजे ब्लिचिंग पावडर, बोलीत टीसीएल. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत राहिलं, की क्लोरीन उडून जातं. पावडर ओलसर, गोळे झालेली आणि वास नसलेली दिसली तर ती चुन्याच्या भुकटीपेक्षा फारशी वेगळी नाही, असं समजा. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. तिचा नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासून घेता येतो, आणि पावसाळ्याआधी तो घ्यावाच.

मात्रा १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते काढायला पाटी-पेन्सिल पुरते. विहिरीचा व्यास फुटात मोजा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली फुटात मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, आणि त्याला २२ ने गुणा. समजा, व्यास १३ फूट आणि पाणी १० फूट. १३ गुणिले १३ म्हणजे १६९, गुणिले १० म्हणजे १६९०, गुणिले २२ म्हणजे ३७,१८०. सदतीस हजार लिटर धरा. पावडर लागेल १८५ ग्रॅम. ती दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. मुठीने मोजणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि दोन माणसांच्या मुठी सारख्या नसतात. पावसाने पाणी चढलं की हिशेब पुन्हा करा.

आता खरं काम. कोरडी पावडर विहिरीत फेकू नका, ती गोळे होऊन तळाशी जाते आणि वरचं पाणी तसंच राहतं. प्लॅस्टिकची बादली घ्या, लोखंडाची नको. नाका-तोंडाला रुमाल बांधा, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका, म्हणजे वरच्या हिशेबात दोन बादल्या होतील. आधी थोड्या पाण्यात पावडर लाकडाने घोटून पिठल्यासारखी करा, गुठळी राहू देऊ नका. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. पांढरा चुना तळाला बसतो आणि वर किंचित हिरवट झाक असलेली निवळ राहते. क्लोरीन त्या निवळीत आहे. ती दुसऱ्या बादलीत अलगद ओता. चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने विहिरीत सोडा, पाण्याखाली नेऊन तिरपी करा, वर-खाली आणि चारी बाजूंना हलवा. सर्व कडांना पोचलं पाहिजे. हे रात्री, लोकांचं पाणी भरून झाल्यावर करा, म्हणजे क्लोरीनला किमान तासभर वेळ मिळतो.

सकाळी तपासणी. ओटीने करायची असेल तर नळीतल्या पाण्याचा रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा. नंतर तो गडद होत जातो आणि फसवतो. ओटीचं रसायन विषारी आहे. तपासलेलं पाणी चुलीपाशी, मुलांच्या हाताशी ठेवू नका, ओतून द्या आणि हात धुवा. काही संचांत गोळी टाकून गुलाबी रंग येतो, ती तपासणी अधिक बिनधोक. भारतीय मानकानुसार पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं आणि साथीच्या काळात ०.५. हा आकडा टाकीपाशी मिळाला म्हणजे झालं नाही. तो खालच्या आळीच्या शेवटच्या घरी मिळाला पाहिजे. तिथे मिळत नसेल तर टाकीत आणखी पावडर ओतण्याआधी वाटेतली गळती शोधा. नाहीतर वरची आळी वासाने हैराण होते आणि खालची आजारी पडते.

विहिरीभोवती कठडा हवा, सांडलेलं पाणी लांब नेणारी पन्हळ हवी, आणि शौचालयाचा खड्डा किमान ५० फूट दूर. पुरात बुडालेल्या विहिरीला नेहमीची मात्रा पुरत नाही. ती उपसून, गाळ काढून, आरोग्य विभागाच्या माणसांकडून जादा मात्रा देऊन रात्रभर ठेवावी लागते आणि ते पाणी पुन्हा उपसून टाकावं लागतं.

सांडपाणी मिसळलं की क्लोरीनही थकतं

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात, पाणी उचलायच्या ठिकाणीच, नजफगड नाल्याचं सांडपाणी शिरलं. ते लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवलं गेलं. त्यामुळे हगवण, विषमज्वर फारसे वाढले नाहीत. मात्र काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी उलगडलं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीने अशीच काविळीची मोठी साथ सोसली. ही कावीळ इतरांची सहसा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईसाठी ती जिवावरची ठरते. अशा बायांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. म्हणून गावात काविळीचा एक जरी रुग्ण असेल, तर घरातल्या गरोदर बाईला आणि बाळंतिणीला फक्त उकळलेलं पाणी द्या. लग्नाच्या पंगतीतलं पाणीही तिला नको.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारीचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. त्या वेळी तिथल्या खासगी आरओ केंद्रांवरही महापालिकेने कारवाई केली. जारचं पाणी म्हणजे शुद्ध, हा समज तेव्हा बऱ्याच घरांत मोडला. गार आणि नितळ जारमध्ये क्लोरीन शून्य असतं. जार कुठल्या पाण्याने धुतला आणि कुणाच्या हाताने भरला, हे आपल्याला दिसत नाही.

यातलं बरंचसं दुखणं नदीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे होते आणि त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. त्याच उजनीचं पाणी सोलापूर पितं. एका शहराने न शुद्ध करता सोडलेलं पाणी खालच्या शहराला शुद्ध करून प्यावं लागतं, आणि त्याचा खर्चही खालच्या शहरावरच पडतो. नगरपालिकेच्या निवडणुकीत रस्ते आणि दिव्यांसारखाच सांडपाणी शुद्धीकरणाचाही प्रश्न विचारा. केंद्र बांधलंय का, एवढं विचारून थांबू नका. ते किती तास चालतं आणि वीजबिल भरलं जातं का, हेही विचारा.

जे उकळून जात नाही

काही दोष उकळून, गाळून, क्लोरीन घालून जात नाहीत, उकळल्याने उलट दाट होतात. फ्लोराइड त्यातलं पहिलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळतं. प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर सांधे आखडतात, पाठ वाकते. पाणी मात्र नितळ आणि बेचव. शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करून दात दाखवायला सांगितलं तरी गावाच्या बोअरबद्दल बरंच कळतं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत बसवली. पण घरी प्रयोग करण्यापेक्षा पिण्यापुरता दुसरा स्रोत शोधणं, उथळ विहीर किंवा पावसाचं साठवलेलं पाणी, हे सोपं पडतं.

दुसरं नायट्रेट. शेतातला युरिया, उकिरडे आणि शौचालयांचे खड्डे यांतून ते विहिरीत झिरपतं. मर्यादा ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल आणि ते दूध अशा पाण्यात कालवलं, तर बाळ निळं पडू शकतं. आईचं दूध चालू ठेवणं हा इथे पाण्याचाही उपाय आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तिसरा दोष, क्षार. तिथे आरओची गरज खरी आहे.

बाकी ठिकाणी आरओ घ्यायच्या आधी पाण्याची तपासणी करा. क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओ लागत नाही, आणि अशा ठिकाणी त्याला बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. एक लिटर पाणी देताना घरगुती यंत्र त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. दारावर येणारा विक्रेता दोन पेल्यांत विजेच्या सळया बुडवतो, तुमचं पाणी तपकिरी करून दाखवतो आणि यंत्राचं पाणी स्वच्छ राहतं. तो तपकिरी गाळ सळयांच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या चांगल्या पाण्यातही तो येतो, कारण त्यातून वीज वाहते. त्या प्रयोगावर एक रुपयाही खर्च करू नका. जिथे फक्त जंतूंची भीती आहे तिथे यूव्ही किंवा चांगला कँडल फिल्टर आणि क्लोरीन पुरतं. यूव्हीला नितळ पाणी आणि अखंड वीज लागते. कँडल नुसत्या पाण्याने मऊ ब्रशने घासा, साबण नको.

कुठे तपासायचं, काय विचारायचं

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि काही तालुक्यांत आहेत. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, करून घ्या. जंतूंसाठीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्या. तोटीचं तोंड पुसून त्यावर ज्योत फिरवा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या गळ्याला आतून बोट लावू नका आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. दुसऱ्या दिवशी पोचलेल्या नमुन्याचा निकाल भरवशाचा नसतो. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नसावा, हा निकष आहे. जंतूंची तपासणी गावातच करायची असेल तर एक सोपी कुपी मिळते. तीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिऊ नका. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, आणि संच कपाटात आहे की वापरात, हे ग्रामसभेत विचारा.

ग्रामपंचायतीला दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाणी सर्वेक्षणानंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते भिंतीवर लावलेलं नसेल तर मागा. लाल किंवा पिवळं असेल तर कोणत्या त्रुटीमुळे, हे लिहून घ्या. गळका व्हॉल्व्ह, तोटी नसलेले नळ, टीसीएलचा साठा नसणं, यांची नोंद त्यात असते. जलसुरक्षकाच्या रजिस्टरमध्ये क्लोरीन तपासणीचा रकाना असतो. त्यात टाकीबरोबर शेवटच्या घराचीही नोंद असावी, असा ठराव घ्या. त्या खालच्या आळीच्या गावाने तो घेतला. खड्डे बुजायला एक पावसाळा गेला, दोन मोटरी काढायला भांडणं झाली. पण शेवटच्या घरी नळीतलं पाणी पिवळं होऊ लागलं.

आणि साथ आलीच तर. जुलाब लागलेल्या माणसाला पहिल्या तासापासून पाजत राहा. ओआरएसचं पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलाला घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडलं, तर घरी थांबू नका. एकाच आळीत एकाच दिवशी दोन घरांत जुलाब दिसले की त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्राला फोन करा, तिसऱ्या घराची वाट पाहू नका. सांगताना तीन गोष्टी सांगा: कोणती आळी, पहिला जुलाब कधी लागला, आणि त्या घरांनी आदल्या दोन दिवसांत पाणी कुठून भरलं होतं.